चाकाच्या दातावरचा शेंदूर

आमच्या घरात मोटारीला मोटार कुणी म्हणत नसे. आत्ती तिचा उल्लेख नुसता ‘ती’ असा करायची. ‘ती आली का गं?’, ‘तिला पाणी पाजलं का?’ आणि चिडली की ‘तिचं तोंड जळो.’ परक्या माणसाला वाटावं, घरात एखादी सवत नांदतेय. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि माझी आई गेल्यावर घर तिनंच ओढलं. माणसं आम्ही तीनच, आप्पा, आत्ती आणि मी. चौथी ‘ती’, मागल्या परड्यात लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या छपरात उभी असायची. निपाणीच्या हवेत बाराही महिने तंबाखूचा खकाणा. नवा माणूस आला की शिंकून हैराण व्हायचा, आम्हाला मात्र त्या वासाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. पहाटे चुलीपाशी आत्ती भाकरी थापायला लागायची आणि तिकडे परड्यात आप्पा हँडल मारायला लागायचे. थप थप थप आणि घर्र घर्र. मोटार चालू झाली की आत्ती तव्यावरची भाकरी उलटायची. तिला तेवढंच घड्याळ होतं.

आप्पा निपाणी ते बेळगाव अशी उतारूंची मोटार चालवायचे. मोटार त्यांची स्वतःची होती, जुनी, तिसऱ्या का चौथ्या हातातली. त्या रस्त्यावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली आणि त्या रस्त्यानं त्यांचे कान घेतले. इंजिनाशेजारी बसून बसून म्हणा, नाहीतर लहानपणी कान फुटला होता त्यानं म्हणा, माझ्या सतराव्या वर्षी आप्पांना जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. बहिऱ्या ड्रायव्हरच्या मोटारीत कोण बसेल? म्हणून मी त्यांच्या मागच्या बाकावर, बरोबर त्यांच्या उजव्या खांद्यामागं बसायची. मागून भोंगा वाजला की एक बोट खांद्यावर. उतारूनं ‘थांबवा’ म्हटलं की दोन. इंजिनात वेगळा आवाज आला की मूठ टेकवायची. लोक म्हणायचे, मारुतीची शेवंता बापाला चिकटूनच असते, लाडावलीय. चढ संपून सपाटी लागली की आप्पा मान न वळवता रोज विचारायचे, “शेवंते, आवाज कसा हाय?” मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडायची, “बरा हाय आप्पा!” मग ते समाधानानं मिशीवरून हात फिरवायचे.

आता मोटार मोडण्याआधीची गोष्ट सांगते, कारण ती मी त्या वेळी कुणाला सांगितली नव्हती. त्या भाद्रपदात इंजिनाच्या पुढल्या अंगातून एक बारीक आवाज यायला लागला. खुळखुळ्यात दोन-तीनच खडे असावेत, तसा. मोटार थंड असताना जास्त, तापली की कमी. मला पहिल्या दिवशीच कळलं की हा टायमिंगच्या साखळीचा आवाज. साखळी सैल पडली की अशी वाजते, हे आप्पांनीच मला त्यांचे कान चांगले असताना शिकवलं होतं. मूठ उचलून खांद्यावर टेकवायची, एवढंच काम होतं. मी टेकवली नाही. कारण सांगायला आजही लाज वाटते, पण सांगते. साखळी वाजतेय म्हटलं असतं तर आप्पांनी मोटार उभी केली असती. लढाईचे दिवस, महायुद्ध पेटलेलं, साखळी मिळायला दोन-तीन महिने लागले असते. आणि मोटार उभी म्हणजे मी घरात, चुलीपुढं. आत्तीनं खानापूरकडचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. ‘रस्त्यावर हिंडती, तवर कोण बगायला येणार?’ म्हणून ती मोटार थांबायची वाटच बघत होती. मला तो रस्ता हवा होता. संकेश्वरला उतरून खाल्लेली गरम भजी हवी होती, बेळगावच्या खडेबाजारातली गर्दी हवी होती, खिडकीतून येणारा वारा हवा होता. रोज सपाटीला आप्पा विचारायचे, “आवाज कसा हाय?” आणि मी रोज म्हणायची, “बरा हाय आप्पा.” असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी तवंदीच्या घाटात चढावर कडाड असा आवाज झाला आणि पाठोपाठ चार-पाच ठोके. मग काहीच नाही. एवढी शांतता मी त्या मोटारीत कधी ऐकली नव्हती. आप्पांनी ब्रेक दाबून धरला होता आणि ते माझ्याकडे वळून बघत होते. त्यांना आवाज आला नव्हता, पण पायाखालचं थरथरणं थांबलेलं कळलं होतं. “काय झालं गं? कशाचा आवाज?” मी इंजिनाकडं बोट दाखवलं. उतारू खाली उतरले, कुणी शिव्या दिल्या, कुणी चालत निघाले. शेवटी खालच्या वस्तीतल्या माणसाचे दोन बैल जोडून आम्ही मोटार निपाणीला आणली. बैलांमागून ओढली जाणारी आमची ‘ती’ बघायला पेठेतली माणसं ओट्यावर आली होती. आप्पा स्टिअरिंग धरून बसले होते, जणू अजून तेच चालवतायत.

वेळ तरी कसली होती! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारीचं बेळगावात पासिंग होतं. साहेबापुढं मोटार स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर उभी करायची. त्या दिवशी नाही उभी केली तर रस्त्याचं परमिट दुसऱ्याला जाणार. पेट्रोलची कूपनंही परमिटावरच मिळायची. त्या रस्त्यासाठी चार जण टपलेलेच होते. दुसऱ्या कुणाचं परमिट गेलं असतं तर तो कुणाच्या तरी लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागला असता. आप्पा कुठं लागणार? पहिल्याच दिवशी मालकानं मागून हाक मारली असती आणि सगळं बाहेर पडलं असतं. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरीचा तुकडा नुसता आमटीत भिजवून ठेवला. म्हणाले, “आक्का, मोटार गेली तर मी माणसांत ऱ्हात न्हाय. मग मी नुसता बहिरा.” आत्ती एरवी त्यांना टाकून बोलल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी तिनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. हातात अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोप्यात इंजिन उतरायला लागलं. पोती अंथरून त्यावर एकेक भाग ओळीनं मांडला. मोटारीतलं ज्यांना काही कळत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खालचा दांडा फिरला की पिस्टन वर-खाली होतात. वरच्या बाजूला दुसरा दांडा असतो, तो झडपा उघडतो-मिटतो. आप्पा झडपेला वॉल म्हणायचे. दोन्ही दांड्यांना एकेक दातांचं चाक आणि त्या दोन चाकांवरून साखळी, म्हणजे दोघांचं पाऊल एकत्र पडतं. एका उखळात दोघी बायका दोन मुसळांनी कांडतात, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली, तसंच हे. ठेका चुकला की मुसळावर मुसळ. साखळी तुटली आणि आमच्या मोटारीत तेच झालं होतं. पिस्टन वर आला तेव्हा वॉल उघडा होता. दोन वॉल वाकले होते, साखळीच्या चार कड्यांचा चुरा झाला होता आणि वरच्या चाकाचे तीन दात उडाले होते. आप्पा ते चाक हातात घेऊन बोटानं मोडके दात चाचपत राहिले. मग मला म्हणाले, “येवढी साखळी तुटायची म्हंजे आधी वाजली असंल की गं.” मी म्हटलं, “एकदमच तुटली, आप्पा.” ते ‘बरं’ म्हणाले.

दोन वॉल खडेबाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात मिळाले. दुसऱ्याच कुठल्यातरी मोटारीचे, पण मापाच्या जवळचे. चाकाचं काम बेळगावलाच शहापुरातल्या एका मिस्त्रीकडं नेलं. तो खरा मागांचा मिस्त्री. त्याच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी माग खटखटत असायचे आणि तो ओट्यावर बसून त्यांची चाकं, कड्या, खिट्या करायचा. आमचं मोडकं चाक त्यानं उलटंपालटं केलं आणि मान हलवली. “आगंगिल्ल री. हुनार न्हाय. लोखंड कुठनं आणू? सगळं लढाईला चाललंय.” आप्पांना ते ऐकू गेलं नाही, पण मान हललेली दिसली. ते तिथंच मिस्त्रीच्या पायरीवर बसले आणि उठेनात. दुपार झाली, मिस्त्री जेवून आला, तरी हे बसलेलेच. शेवटी तो म्हणाला, “या मानसाला उटवायचं तर चाक करायलाच पायजे.” एका मोडक्या मागाच्या जाड पट्टीतून त्यानं पाच दिवस खपून चाक कापलं, साखळीच्या कड्या केल्या, आणि मजुरीतलं म्हणून मोडकं चाक लोखंडासाठी ठेवून घेतलं.

जुन्या चाकावर कंपनीची एक बारीक खूण होती. कुठला दात कुठं यायचा, ते त्या खुणेवरून कळायचं. नव्या चाकावर ती उतरवायची तर मिस्त्री म्हणाला, आता तापवून पाणी दिलंय, लोखंड कडक झालंय, छिन्नी मारली तर चाक तडकंल. रंग मिळेना. आप्पांच्या खिशात मारुतीला वाहायला घेतलेली शेंदराची पुडी होती. त्यांनी तेलात बोट बुडवून शेंदूर कालवला, जुनं चाक नव्यावर ठेवून तीन-तीनदा मोजलं आणि एका दाताला टिकली लावली. मोटार जिवंत व्हायची ती आता या टिकलीवर. येताना दुसऱ्याच्या मोटारीत ते चाक त्यांनी धोतराच्या सोग्यात धरून आणलं, बाळंतघरातून मूल आणावं तसं. ती अष्टमी होती.

त्या दिवसांत मी वॉल घासायचं काम करत होते. नवा वॉल जागेवर नीट बसावा म्हणून त्याला घासायची पूड आणि तेल लावून दोन्ही तळव्यांत तो फिरवायचा, रवीनं ताक घुसळतात तसा. सर्र सर्र, सर्र सर्र. तळहाताची सालं गेली होती. मला ते दुखणं बरं वाटायचं, हे खरं. चुलीपाशी आत्ती घटापुढं बांधायच्या कडाकण्या, त्या कडक गोड पुऱ्या, लाटत असायची आणि मध्येच माझ्याकडं बघून म्हणायची, “पोरी, तुझ्या बापाला म्या सांगितलं न्हवतं? गेल्या खंडेनवमीला ती दिवसभर रस्त्यावर हुती. हळदीकुकवाचं बोट लागलं न्हाय तिला. देव सोडतोय व्हय? म्हणून मोडली.” मला खरं कारण ठाऊक होतं. तेव्हा नुसतं एवढं म्हटलं असतं, की आत्ती, देवाचा यात काही दोष नाही, दोष माझा आहे, तर पुढचं झालं नसतं. मी खाली मान घालून वॉल फिरवत राहिले. आत्तीच्या मनात ते पक्कं बसलं.

खंडेनवमीच्या सकाळी आप्पा आणि मी एका वखारवाल्यानं कबूल केलेला तेलाचा डबा आणायला गेलो. परत यायला अकरा वाजले. दारात पाय ठेवला तर सोपा सारवलेला, रांगोळी काढलेली, उदबत्तीचा धूर. पोती गायब. देवापुढं पाटांवर आमचं अख्खं इंजिन मांडलं होतं. पाने, हातोडी, वॉल, साखळी, बोल्ट, सगळं चिंच आणि राखेनं घासून असं लख्ख केलेलं, की तांब्याची भांडी वाटावीत. आणि मधोमध झेंडूच्या फुलांत ते चाक. त्याच्या प्रत्येक दातावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट. आत्ती आनंदानं पुढं आली. “बग मारुती. आता कशी मोडती बगू. लई वंगाण हुतं रं, हात दुकून आलं. त्या चाकाला तर कुणीतरी अर्धवटच शेंदूर फासला हुता एका दाताला. म्हटलं, एकाला लावायचा आन् बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

आप्पांना एवढं लांबलचक बोलणं कळलं नसणार. पण ते चाक त्यांना दिसत होतं. त्यांच्या हातातला डबा खाली पडला आणि सारवलेल्या जमिनीवर तेल पसरत गेलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मटकन खाली बसले आणि एखाद्या लहान मुलासारखा हुंदका त्यांच्या छातीतून आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. शेजारची माणसं दारात जमली. आत्ती माझ्याकडं बघून विचारत होती, “काय झालं गं? काय केलं म्या?” मी तिला शेंदराच्या खुणेचं सांगितलं. तिचा चेहरा असा उतरला, की आज सत्तर-बहात्तर वर्षांनीसुद्धा मला तो डोळ्यांपुढून हलवता येत नाही. जुनं चाक एव्हाना मिस्त्रीच्या भट्टीत वितळलेलं. नव्या चाकाला तीन बोल्टांची तीन भोकं, सारख्या अंतरावर. कसंही फिरवा, बसायचंच. कुठला दात, हे आता सांगायला कुणी नव्हतं.

त्यात पुन्हा, पुजलेल्या हत्यारांना दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आप्पांनी ती जन्मात मोडली नव्हती. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. नैवेद्याच्या पुरणपोळ्या तशाच झाकलेल्या होत्या. मी पाटांसमोर बसून नुसती चाकाकडं बघत होते, कुठल्या दाताच्या बेचक्यात शेंदराचा कण राहिलाय का म्हणून. पण आत्तीच्या चिंचेनं एक कणही ठेवला नव्हता. दुपार कलली तशी आत्ती उठली. तिनं हातपाय धुतले, देवापुढं बसून अक्षता वाहिल्या आणि मोठ्यानं म्हणाली, “देवा, पाप लागायचं तर मला लाव. माज्या हातानं बिगाडलंय, माज्या हातानंच उचलती.” आणि एकेक भाग पाटावरून उचलून तिनं पोत्यावर ठेवायला सुरुवात केली. शेवटी चाक पदरानं पुसून तिनं आप्पांच्या उशाशी नेलं आणि त्यांचा खांदा हलवला. “मारुती, ऊठ. माजं मरण बगायचं नसंल तर ऊठ.” मी पुढं बसून ते आप्पांना खुणांनी सांगितलं. आप्पांनी बहिणीच्या हातातलं चाक घेतलं. मग उठले आणि आम्ही सगळे भाग परड्यात मोटारीपाशी नेले.

खुणेशिवाय चाक बसवायची एक रीत आप्पांनी तरुणपणी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून ऐकली होती. केलेली कधीच नव्हती. पहिला पिस्टन अगदी वर आला असताना त्याचा एक वॉल मिटत असतो आणि दुसरा नुकताच उघडायला लागतो. ती घडी धरायची आणि तशीच साखळी चढवायची. एक दात इकडं-तिकडं झाला तर पुन्हा मुसळावर मुसळ, आणि आणखी वॉल आता सगळ्या बेळगावात नव्हते. पिस्टन दिसत नाही, म्हणून प्लगच्या भोकातून जोंधळ्याच्या ताटाची लांब काडी आत सोडली. काडी वर येईल तसा पिस्टन वर. ती काडी आत्तीनं बघायची. वॉल उघडायला लागला की नाही, ते त्याला ढकलणाऱ्या सळीवरून कळतं. सळी चिमटीत मोकळी फिरते तोवर वॉल मिटलेला, आणि ती अडली की उघडायला लागला. आप्पांची बोटं तेलानं आणि चटक्यांनी घट्टे पडून गेलेली, त्यांना ते बारीक अडणं कळेना. माझे तळवे सोललेले होते, म्हणून मला जास्तच कळत होतं. सळ्या माझ्या बोटांत आल्या आणि दोन्ही दांडे हळूहळू फिरवायचं काम आप्पांकडं.

नवमीची संध्याकाळ त्यात गेली. पहिल्या खेपेला चाक बसवून आप्पांनी हँडल जपून फिरवलं आणि अर्ध्यावर ते अडलं. ठक. आप्पांना ऐकू आलं नाही, हाताला लागलं. त्यांनी लगेच हात काढला. आणखी अर्धं बोट जोर दिला असता तर संपलं होतं. दसऱ्याच्या सकाळी दुसरी खेप, तीही अडली. बाहेर ढोल वाजत होते, लोक नवे कपडे घालून सोनं लुटायला निघाले होते. आमच्या परड्यात तिघं जण काळ्या हातांनी एका लोखंडाभोवती बसलेलो, सोनं द्यायला आलेली माणसं दारातूनच परत जात होती. आप्पांनी कपाळ मोटारीच्या मडगार्डवर टेकवलं. “हुत न्हाय गं, शेवंते. सोड आता.” मी सोडलं नाही. माझ्यात हिंमत होती म्हणून नव्हे, मला भीती वाटत होती म्हणून. ती मोटार चालू झाली नसती तर मला जन्मभर आप्पांकडं बघता आलं नसतं. तिसऱ्या खेपेला आत्ती काडीवर डोळा लावून मुसळाच्या ठेक्यात म्हणायला लागली, “वर... वर... वर... आता थांबली... आता खाली!” काडी वर जाऊन क्षणभर थांबते, ते तिला तिसऱ्या खेपेला नेमकं दिसलं. तेवढ्याच क्षणात माझ्या उजव्या चिमटीतली सळी सैल झाली आणि डावीतली अडली. मी “धरा!” म्हणून ओरडले आणि मग पायानं आप्पांना ढोसलं. त्यांनी चाक बसवलं. हँडल एक पूर्ण फेरा फिरलं. दोन फेरे झाले. चार झाले. कुठं अडलं नाही. आत्तीनं काळे हात तसेच जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरीची थप थप आणि हँडलची घर्र घर्र पुन्हा एकदम झाली. बेळगावच्या वाटेवर मी एकेक आवाज असा ऐकत होते, की कान दुखायला लागले. सपाटी लागली तसं आप्पांनी विचारलं, “आवाज कसा हाय?” मी म्हटलं, “बरा हाय.” या वेळी ते खरं होतं.

पासिंगच्या मैदानात पाच-सहा मोटारी उभ्या होत्या. साहेब धारवाडकडचे होते, शांत, कडक, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी पहिल्यांदा मलाच बाजूला काढलं. “बाई कोण? तिकडं चिंचेखाली थांबा.” मी चिंचेखाली गेले. तिथून आप्पांचा खांदा वीस पावलांवर होता. साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, इंजिन चालू करायला लावलं. एका हँडलात चालू झालं. इतकं सुरेख चाललं होतं, की मला रडू आलं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते मोटारीच्या मागं गेले. आप्पा पुढं उभं राहून फडक्यानं बॉनेट पुसत होते. “मारुती ड्रायव्हर!” साहेबांनी मागून हाक मारली. आप्पा पुसत राहिले. “ओ मारुतीराव!” आप्पांच्या चेहऱ्यावर हसू होतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा ते हसत होते. मग साहेब पुढं आले आणि खिडकीतून हात घालून त्यांनी आमच्याच मोटारीचा भोंगा दाबला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बराच वेळ. चिंचेवरचे कावळे उडाले. मैदानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. एक आप्पा सोडून. माझं एक बोट पुढं झालं होतं, पण टेकवायला खांदा नव्हता.

मोटार पास झाली. परमिट आमच्याच नावावर राहिलं. आप्पांचं लायसन साहेबांनी काढून घेतलं आणि माझ्याकडं बघून, हलक्या आवाजात म्हणाले, “दुसरा ड्रायव्हर लावा. रस्त्यावर माणसं असतात, बाई.” त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे मला आता कळतं. त्या वेळी मी मनातल्या मनात त्यांना नको ते शाप दिले. आता माझ्याच कानात यंत्र आहे. नात गाडी चालवते आणि मी शेजारी बसते, तेव्हा ती विचारते, “आजी, आवाज ऐकू येतोय ना?” आणि मी सवयीनं ‘बरा आहे’ म्हणते.

खडेबाजारातला एक ओळखीचा ड्रायव्हर आम्हाला निपाणीला सोडायला आला. तो आप्पांच्या जागी बसला. आप्पा माझ्या जागी मागच्या बाकावर, आणि मी त्यांच्या शेजारी. दोन्ही पाय त्यांनी फळीवर घट्ट टेकवले होते, इंजिनाचा थरथराट तळव्यांनी पीत असल्यासारखे. तवंदीचा घाट आला. जिथं साखळी तुटली होती ते वळण दिसलं आणि मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. ड्रायव्हरला ऐकू जाईल, याचीही लाज उरली नव्हती. “आप्पा! साखळी वाजत हुती! आठ दिवस वाजत हुती! म्या सांगितलं न्हाय!”

आप्पा समोर बघत होते. तसेच म्हणाले, “ठावं हाय मला.”

मी त्यांचा खांदा धरून त्यांना माझ्याकडं वळवलं.

“पायाला कळत हुतं की गं. फळी निराळी थरथरत हुती. म्हणून तर रोज इचारत हुतो. तू बरा हाय म्हणलीस. कान तुझा, मी इस्वास ठेवला त्याच्यावर. म्हटलं, माझा पायच खोटा असंल.”

मग त्यांनी दोन्ही पाय फळीवरून वर उचलले आणि बाकावर मांडी घातली. निपाणी येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.